पोरांना हिवाळ्यात चालू द्या

सिद्धेश्वरचा एक मुलगा आठवीपासून दहावीपर्यंत माझ्याकडं उर्दू आणि मराठी शिकला. आता नांदेडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा मला भेटायला आला. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग मोबाईल माझ्यापुढं धरला. पडद्यावर बर्फ, आणि बर्फातून रांगेनं चाललेली रंगीत जाकिटं. उत्तराखंडातला केदारकांठा, उंची साडेबारा हजार फूट. जायचं डिसेंबरच्या शेवटी. सोबत होस्टेलवरचा मित्र, नर्सी नामदेवच्या बाजूचा, वारकऱ्याच्या घरचा. रेल्वेचं तिकीट किती, बर्फातले बूट भाड्यानं कुठं मिळतात, सगळं वहीत लिहून आणलेलं.

"सर, अब्बांना तुमीच सांगा."

अब्बा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःच आले. कालव्याखालची तीन एकर जमीन, तूर काढायला आलेली. बसल्या बसल्या म्हणाले, "सर, इसकू जरा समजाव. बर्फ में जा के क्या करना है इसकू?" पैशाचं बोलले, थंडीचं बोलले. मग थोडा वेळ गप्प राहिले आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "पुरोला उसी रस्ते पे है ना?"

पैशाचं आणि थंडीचं उत्तर माझ्याकडं होतं. पुरोल्याचं नव्हतं. डेहराडूनहून केदारकांठ्याच्या पायथ्याला जाणारी गाडी पुरोल्यातूनच जाते. 2023 च्या जूनमध्ये तिथल्या मुसलमान दुकानदारांनी गाव सोडावं अशी पत्रकं दुकानांवर चिकटवली गेली होती आणि बरीच कुटुंबं खरोखर निघून गेली होती. सिद्धेश्वरच्या शेतकऱ्याला उत्तराखंडातल्या एका छोट्या गावाचं नाव माहीत असावं आणि ते असं माहीत असावं, याचं मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं. 'तसं काही होत नाही हो' असं म्हणणं सोपं होतं. पण मीसुद्धा एकदा एका तीर्थाच्या गावी रात्री साडेदहाला लॉजच्या काउंटरवर ओळखपत्र दिलंय, ते उलटसुलट बघून 'रूम फुल्ल' ऐकलंय, आणि माझ्या मागच्या माणसाला चावी मिळताना पाहिलीय. ती रात्र स्टँडवर काढली. तेव्हा बापाला खोटा धीर देणं मला जमलं नाही.

पण पोरालाही 'नको जाऊ' म्हणालो नाही. म्हणणार नाही. का, ते सांगतो.

आपल्या पोरांनी महाराष्ट्र पाहिला तो पोलीस भरतीच्या मैदानावरून, परीक्षा केंद्रांवरून आणि लग्नाच्या गाडीच्या खिडकीतून. पुण्याला जातात ते कंपनीत लागायला. हैदराबादला जातात ते सामान भरायला. काम नसताना, नुसतं बघायला म्हणून घराबाहेर पडणं हे आपल्याकडं उनाडपणात मोजलं जातं. हा मुलगा भूगोलाच्या पेपरात लोणारवर टिपण लिहून आला, पण लोणार त्यानं पाहिलेलं नाही. सिद्धेश्वरहून ते शंभर किलोमीटरही नसेल.

आणि गंमत अशी की पाठीवर बिऱ्हाड घेऊन थंडीत दूर चालत जाणं आपल्याला नवीन नाहीच. याच अब्बांनी तरुणपणी पैदल जमातीत चिल्ला लावलाय. चाळीस दिवस, तेही डिसेंबर-जानेवारीचे. मी त्यांना म्हणालो, तेव्हा तुम्ही काय काय घेतलं होतं? झालं, माणूस खुलला. बिस्तर गुंडाळायची पद्धत, रॉकेलचा स्टोव्ह कुणाच्या पाठीवर, रोज फजरनंतर मशवरा करून आज किती चालायचं ते ठरवणं, अमीर एकदा ठरला की वाटेत वाद नाही, आज खिदमत कुणाकडं म्हणजे स्वयंपाक आणि भांडी कुणाकडं, खर्च ज्याचा त्याचा. शहरातली पोरं ज्याला बॅकपॅकिंग म्हणतात आणि ज्याच्या शिकवणीला पैसे मोजतात, ते शास्त्र आपल्या घराघरात आहे. मित्राच्या घरी तेच दिंडीचं. पुढं जाऊन मुक्काम बघणारा माणूस वेगळा, पाण्याची सोय बघणारा वेगळा, पायाला फोड आलेल्यांसाठी तेल-हळद वेगळी.

यावर उत्तर ठरलेलं असतं, आणि अब्बांनीही तेच दिलं. दीनच्या कामाला चालणं वेगळं, हे कशासाठी? मी मौलाना नाही, तेव्हा फतवा देत नाही. पण जमिनीवर फिरा आणि बघा, असं कुरआन एकदा नाही, अनेक ठिकाणी सांगतं. आणि फिरणारे लोक आपल्याकडं कमी झाले का? इब्ने बतूता 1325 साली तँजिअरहून निघाला तेव्हा 21 वर्षांचा होता, म्हणजे आमच्या या पोराच्याच वयाचा. तोही शिकलेला, कायद्याचा विद्यार्थी. त्याच्या सफरनाम्यात मला सगळ्यात जवळची वाटते ती सुरुवातीची एक जागा. काफिला ट्युनिसला पोचतो, सगळ्यांना घ्यायला माणसं आलेली असतात, याला सलाम करणारंही कुणी नसतं आणि याला रडू कोसळतं. मग काफिल्यातलाच एकजण ते ओळखून जवळ येतो, बोलतो. पुढं हाच माणूस आपल्या दौलताबादेपर्यंत आला, तिथला किल्ला आणि बाजार बघून लिहून गेला. आणि लांब कशाला जायचं? नामदेव आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे. औंढ्याला विसोबा खेचर त्यांना गुरू भेटले. ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. आजच्या रस्त्यानं ते अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त भरेल. 2015 चं साहित्य संमेलन घुमानला झालं तेव्हा लोक रेल्वेनं गेले तरी दमले होते.

तर मी मधला मार्ग काढला. केदारकांठा पुढच्या वर्षी. या हिवाळ्यात घराच्या उंबऱ्यापासून चालायला लाग. सिद्धेश्वर, येलदरी, लोणार, सिंदखेडराजा, जालना, संभाजीनगर, दौलताबाद आणि शेवट खुलताबाद, मलिक अंबरच्या कबरीपाशी. अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर होतील. येताना एसटी.

हे सांगताना मी पोराला म्हणालो, बर्फासाठी आधी पाय तयार पाहिजेत. ते खरंच आहे. पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे पुरोला माझ्याही डोक्यात होतंच. त्याला ते कळलं असावं. तो काही बोलला नाही, पण बर्फाचा व्हिडिओ बंद करताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. देशातल्या कुठल्याही डोंगरावर जायचा त्याचा हक्क आहे आणि मी त्याला मराठवाड्यात अडवून ठेवलं, हे मला अजून टोचतं. पुढच्या हिवाळ्यात तो केदारकांठ्याला जाईल तेव्हा मी आडवा येणार नाही, हे त्याला आणि अब्बांना, दोघांनाही सांगितलंय.

मग बसलो तयारीला. बीएडला आम्हाला पाठ टाचण काढल्याशिवाय वर्गात पाय ठेवू देत नसत. उद्दिष्ट काय, साधनं काय, पूर्वज्ञान काय. तेव्हा वैताग यायचा. पण दोन्ही पोरांना मी म्हणालो, सोळा दिवसांचं टाचण काढा. रोज अठरा ते वीस किलोमीटर, पाचव्या आणि दहाव्या दिवशी आराम. नकाशावरचं अंतर सरळ असतं, पाय वळणानं जातात, म्हणून बोटानं मोजलेल्या अंतरात चौथाई वाढवायची.

डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडं दिवस अकरा तासांचा. सूर्य सात वाजायच्या जरा आधी उगवतो आणि सहा वाजायच्या आत बुडतो. म्हणजे फजर पढून, चहा घेऊन साडेसहाला निघालं तर दुपारी दोनपर्यंत दिवसाचं चालणं संपलं पाहिजे. उरलेला उजेड मुक्काम शोधायला, पाय धुवायला आणि चार माणसांशी बोलायला. वाट बहुतेक सगळी पश्चिमेची, म्हणजे किब्ल्याच्याच अंगाची. सकाळचं ऊन पाठीवर आणि दुपारचं थेट डोळ्यांत. टोपी पुढं पट्टी असलेली घ्या, नमाजची वेगळी ठेवा.

थंडीला लोक हसतात. मराठवाड्यात कसली थंडी म्हणे! परभणीच्या कृषी विद्यापीठात काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली उतरलाय. दुपारी तीसच्या आसपास, पहाटे एक आकडी. म्हणजे दुपारी घामानं बनियन भिजतं आणि तेच अंगावर ठेवून झोपलं की रात्री हुडहुडी भरते. झोपायचे कपडे वेगळे, ते दिवसा घालायचेच नाहीत, हा नियम. आणि कालव्याच्या किंवा धरणाच्या पाण्यालगत मुक्काम करायचा नाही. तिथं गारठा दुप्पट लागतो, हे सिद्धेश्वरच्या पोराला सांगायला नको.

पायाचं मात्र मी जास्त सांगितलं, कारण नमाजी माणसाचा पाय दिवसातून पाच वेळा भिजतो. ओल्या बोटांवर मोजा चढवला की तासाभरात फोड आलाच समजा. वजू झाला की बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, दोन मिनिटं उघडा पाय ठेवायचा, मगच मोजा. नाहीतर चामड्याचे मोजे घ्या. मुसाफिराला त्यांच्यावर तीन दिवस आणि तीन रात्री मसह करायची सवलत आहे. साध्या कापडी मोज्यावर चालतं का, यात उलेमांत मतभेद आहेत, ते आपापल्या मौलानांना विचारावं. आपला फिकह वाचताना मला नेहमी वाटतं की हे लिहिणाऱ्यांनी स्वतः पायपीट केलेली असणार. गावाची हद्द ओलांडून साधारण 78 किलोमीटरच्या पुढं जायच्या इराद्यानं निघालात की जोहर, असर, इशाचे चार फर्ज दोन होतात. पाणी नसेल तर मातीवर तयम्मुम. एका जागी पंधरा दिवस राहायचा इरादा नसेल तोवर तुम्ही मुसाफिरच. एवढ्या सवलती घर न सोडणाऱ्यांसाठी नव्हत्या.

सॅक गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. चौदा किलो भरली. पोराचं वजन छप्पन्न. अंगाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं घेऊन सोळा दिवस चालणं होत नाही, म्हणजे अकरा किलोच्या आत यायला पाहिजे. मग उपसायला सुरुवात. दोन जीन पँट गेल्या, ओली झाली तर दोन दिवस वाळत नाही. तीन पुस्तकांतली दोन गेली. अम्मीनं दिलेला मलीद्याचा डबा स्टीलचा होता, मलीदा राहिला आणि डबा गेला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ एवढं पुरे, बाकी वाटेवर मिळतं. जानेवारीत हुरड्याचे दिवस, आपल्याकडचा शेतकरी वाटसरूला उपाशी सोडत नाही. मित्र मटण खात नाही आणि एकादशी धरतो, याचीही टाचणात नोंद केली. खर्च रोजचा माणशी दोनशे धरला. मोबाईलपेक्षा स्वस्त पडतं हे अब्बांना पटलं.

एक गोष्ट मात्र तोंडी सांगून भागली नाही, लिहून घ्यायला लावली. अंधार पडल्यावर शेतातून चालायचं नाही. रानडुकरांसाठी लोक तारेत करंट सोडतात. कायद्यानं बंदी आहे, पण सोडतात. शिवाय शेतीला वीज रात्रीची, त्यामुळं माणसं रात्री दारं धरायला शेतात असतात, आणि मोटारी, केबल चोरीला गेल्यानं वैतागलेली असतात. अशा वेळी सॅकवाली दोन अनोळखी पोरं बॅटरी मारत आली तर काय समजतील?

ही भीती नुसत्या मुसलमानाची नाही, हे मी अब्बांना मुद्दाम सांगितलं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. 2020 च्या एप्रिलमध्ये पालघरजवळ दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गेला. पूर्वी दारात झोळीवाला आला की पीठ घालायचे, आता आधी फोटो काढून ग्रुपवर टाकतात. आपल्यावर त्याच वर्षी आणखी एक वेळ आली. बिस्तर पाठीवर घेतलेला माणूस म्हणजे रोग घेऊन फिरणारा, असं टीव्हीनं महिनाभर सांगितलं. परदेशी जमातवाल्यांवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठानं त्या ऑगस्टमध्ये रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. टीव्हीनं ते किती दिवस सांगितलं, आठवून बघा.

म्हणून नावाचीही तयारी करावी लागते, जशी थंडीची करतो तशी. कुणीतरी अब्बांना सुचवलं होतं की वाटेत पोरानं मित्राचंच आडनाव सांगावं. मला हे अजिबात मान्य नाही. खोटं नाव एकदा पकडलं गेलं की खरं नाव गुन्हेगार ठरतं. आणि सोळा दिवस दुसऱ्याचं नाव सांगत चालायचं तर चालायचं कशाला? त्याऐवजी उजेड असताना गावात शिरायचं, आधी पोलीस पाटलांकडं किंवा ग्रामपंचायतीत जायचं, पूर्ण नाव, गाव, कॉलेज सांगायचं. प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र आणि आधारची झेरॉक्स जवळ. एनएसएसच्या हिवाळी शिबिरांमुळं खेड्यांना कॉलेजची पोरं सात-सात दिवस मुक्कामाला येण्याची सवय आहे, त्या सरांची ओळख सांगितली की शाळेची खोली सहज उघडते. सगळ्यात चांगलं म्हणजे मुक्काम आधीच फोनवर ठरवायचा. कुणाचा मामा, कुणाचा वर्गमित्र, कुठल्या शाळेवरचा आमच्या बॅचचा शिक्षक. मी स्वतः बीएडची जुनी वही काढून फोन लावले. वीस वर्षांनी बोललो काहीजणांशी. एकानं विचारलं, "दोघांतला मुसलमान कोणता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं विचारलं, त्या दिवशी घरात सप्ताहाचं जेवण आहे, अंड्याचंबिंड्याचं जमणार नाही." मी एक क्षण श्वास धरला होता, तो सोडला.

समृद्धी महामार्गावर पाय ठेवायचा नाही, तिथं पायी चालायला परवानगी नाही. 12 जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जयंतीची गर्दी असते. त्या दिवशी तिथं पोचलात तर जेवायला भरपूर आणि झोपायला जागा नाही, म्हणून दोन दिवस पुढंमागं. आणि ज्यांना हे पुढच्या वर्षांवर ढकलायचंय त्यांनी कॅलेंडर बघावं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकत हिवाळ्यात शिरतोय. 2030 साली तर तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरात पुन्हा येईल.

हे सगळं ऐकत दहावीतली एक मुलगी वर्गाच्या दारात उभी होती. म्हणाली, "सर, आणि आम्ही?" मी काहीतरी सारवासारव केली, रात्रभर मात्र तेच डोक्यात होतं. मुलींच्या सफरीची, मेहरमची जी चर्चा होते ती लांबच्या सफरीची. तेच 78 किलोमीटरचं मोजमाप. सिद्धेश्वरहून औंढा, नर्सी, येलदरी हे सगळं त्याच्या आत आहे. दोन बाईसाहेब, सात-आठ मुली, एखाददुसरी आई, तीन दिवस आणि मुक्काम नातेवाइकांकडं. यात शरीयतचा अडसर मला तरी दिसत नाही, 'लोक काय म्हणतील' याचा दिसतो. एसटीनं 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट केलं तेव्हा याच लोकांच्या बायका माहेरी, बाजारी, दर्ग्याला एकट्या जायला लागल्या, आणि लोकांना पंधरा दिवसांत त्याची सवय झाली. शाळेतल्या दोन बाईंशी बोललोय. एक तयार आहेत. दुसऱ्यांनी घरी विचारून सांगते म्हणाल्या, त्याला आठवडा झाला.

पोरं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघतील, इन्शाअल्लाह. अब्बांनी चिल्ल्याच्या वेळचा कातडी पट्टा माळ्यावरून काढून दिलाय, बिस्तर बांधायला. चौदापैकी अकरा मुक्काम ठरलेत. येलदरी ते लोणार दरम्यान एक, लोणारहून सिंदखेडराजाच्या वाटेवर एक आणि जालन्याच्या पुढं एक, असे तीन बाकी आहेत. या वाटेवर कुणाचं गाव असेल, कुणाचंही, तर कळवा. दोघंच आहेत, एका रात्रीचा प्रश्न आहे, पांघरूण त्यांच्याकडं आहे. नावं मी फोनवर आधीच सांगेन.